ठराव झाला, पण मयतीच्या दिवशी दारात कोण?

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा वारल्यावर बायकोच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तेव्हा दोन दिवस उरले होते. १७ मेला ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनंही लगोलग ठराव केला. शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले ती १९२० सालची परिषद झाली तेच हे माणगाव. पुढं गावोगाव ठराव होत गेले.

ठराव मांडायला, सूचक-अनुमोदक व्हायला आणि टाळ्या वाजायला एक तास पुरतो. प्रथा मात्र ग्रामसभेत नसते. ती असते मयत झालेल्या घराच्या परड्यात, पाहुण्यांची वाट बघण्यात जाणाऱ्या दोन-तीन तासांत, घरातल्याच चार म्हाताऱ्या बायांच्या हातात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. नदीत दगडी खांब बाराही महिने उभे असतात, पण त्यांनी पाणी अडत नाही. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवाव्या लागतात आणि बरग्यांच्या दोन ओळींमध्ये माती ठासावी लागते, तेव्हा कुठं पाणी तटतं. ठराव म्हणजे खांब. बरगे कोणी, कधी आणि कसे घालायचे याबद्दल हे लिहितो आहे.

पहिलं काम मोजणीचं. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंदवही असते आणि ग्रामसेवक (आता कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकारी) हाच गावचा निबंधक असतो. मागच्या तीन वर्षांच्या नोंदी काढाव्यात आणि ज्यांची बायको हयात आहे असे पुरुष किती गेले ते मोजावं. समजा चार-साडेचार हजार वस्तीच्या गावात असे चाळीस निघाले, तर महिन्याला एखादंच घर झालं. ही मोजणी झाली की काम डोंगराएवढं वाटायचं थांबतं. महिन्यातून एका घरी, तीन तास, तीन माणसं, एवढीच तर गरज आहे. त्याच यादीत चाळिशीच्या आतल्या किती बाया विधवा झाल्या तेही बघावं, कारण त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. सत्तरीच्या आजीला कुंकवाचं दुःख असतं. तिशीच्या पोरीला कुंकवासोबत घर, शेत, पोरांची शाळा आणि दिराची नजर एवढं सगळं एकदम सोसावं लागतं.

मग ज्यांच्यासाठी ठराव करायचा त्यांना विचारायचं. हे वगळून झालेले ठराव मला अर्धे वाटतात. दोन बायांनी घरी जाऊन बसावं. देवळात किंवा चावडीत बोलावू नये, तिथं कोणी बोलत नाही. सोबत बचत गटातली किंवा आशाताई असली तर बरं, कारण तिचं घरात येणं-जाणं असतंच. तीनच प्रश्न पुरतात: त्या दिवशी काय काय केलं, कोणी केलं, आणि त्यातलं तुम्हाला काय नको होतं. उत्तरं ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. बऱ्याच जणी बांगड्यांचं एका वाक्यात सांगतात आणि नंतर बराच वेळ दुसरंच सांगत राहतात. लेकीच्या हळदीला मागं उभं राहावं लागलं, लेकाला ओवाळता आलं नाही, संक्रांतीचं बोलावणं दारावरून पुढं गेलं, दुधाचं पुस्तक दिराच्या नावावर झालं. ठरावात काय हवं ते या बोलण्यातून यायला पाहिजे. शेजारच्या गावाचा ठराव नाव बदलून उतरवून काढला की हे सगळं निसटतं.

त्यानंतर गल्लीवार बैठका. ग्रामसभेत एकदम विषय काढला की लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन म्हणतात, "तुमचं ठरावाचं ऱ्हाऊ द्या, आमच्यात असंच असतंय." या 'आमच्यात'लाच हात घालायचा असतो. शिरोळ-हातकणंगल्याकडं एकाच गावात मराठा, जैन, लिंगायत, धनगर, बौद्ध, मुस्लिम अशी वस्ती असते आणि प्रत्येकाची रीत वेगळी. कुठं दहन, कुठं दफन. कुठं बांगड्या मातीच्या दिवशी, कुठं तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला नदीवर, कुठं दिवसकार्याला. म्हणून त्या-त्या समाजात विधी सांगणाऱ्या माणसाला, मग तो भटजी असो, जंगम असो की जैनांचा उपाध्ये, आधी एकट्याला भेटावं. त्याच्याकडून एवढंच वदवून घ्यायचं की या गोष्टी केल्या नाहीत म्हणून मयताच्या विधीत काही उणं राहत नाही. हे त्याच्या तोंडून आलं की निम्मा विरोध विरतो.

बैठक पंधरा-वीस जणांचीच ठेवावी. पन्नास जमले की दोनच माणसं बोलतात. गावात अशा सहा ते आठ बैठका घ्यायच्या म्हणजे अडीच-तीन महिने जातात, आणि ते जाऊ द्यावेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचा रिवाज पाडला. कोणी विरोधात असेल तर त्याला मतं मोजून गप्प बसवायचं नाही, थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी त्यांनी वेगळा अभ्यासगटही ठेवला. आपली गावं मेंढ्यापेक्षा मोठी आहेत, पक्ष-गट आहेत, एकमत होईलच असं नाही. पण ही प्रथा मोडायला बहुमताचा उपयोग नसतो, कारण ती घरात चालते. ज्या तीस घरांनी विरोधात हात वर केला त्या तीस घरांत ती तशीच राहणार, आणि वर चिडून अधिक कडक पाळली जाणार.

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो म्हाताऱ्या बायांना. कुंकू पुसणारा हात बहुतेक वेळा अशा बाईचा असतो जिचं स्वतःचं कुंकू कोणीतरी पुसलं होतं. तिला 'जुनाट' म्हणून बाजूला सारलं की ती आयुष्यभर सोसलेलं सगळं वाया गेलं असं धरते, आणि मग हटून बसते. तिला विचारावं, "आजी, तुमच्या वेळी काय झालं हुतं?" ती सांगते. सांगून झाल्यावर तिलाच विनवावं की आता सुनेच्या, नातसुनेच्या वेळी तुम्ही पुढं व्हा. गावात अशा तीन-चार आज्या मिळाल्या तर त्यांचा जो उपयोग होतो तो कोणत्याही व्याख्यानाचा होत नाही.

बैठकीत हमखास कोणीतरी म्हणतं, हे सगळं शहरातलं फॅड आहे. त्याला कोल्हापूरचाच इतिहास सांगावा. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. १९१८ मध्ये त्यांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले आणि सून इंदुमतीदेवी अगदी कोवळ्या वयात विधवा झाल्या. महाराजांनी त्यांना राजवाड्याच्या पडद्यात कोंडलं नाही. सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पोटच्या मुलाच्या मृत्यूच्या दुःखात केलेली ही गोष्ट आहे. गावातल्या सासऱ्यांना ती पटकन भिडते.

आता ग्रामसभा. सात दिवस आधी नोटीस निघायला हवी आणि विषयपत्रिकेवर हा विषय स्पष्ट लिहिलेला हवा. 'आयत्या वेळचे विषय' यात तो घुसवू नये. तसं केलं की पुढं कोणीही म्हणतं आम्हाला माहीतच नव्हतं. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. कागदावर हे चालतं, पण हा ठराव तहकूब सभेत करू नये. पंचवीस माणसांनी केलेला ठराव पंचवीस घरांपुरताच राहतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरमध्येच होते, बायकांच्या सह्या घरोघर फिरवून आणतात. या वेळी ती खरी घ्यावी, दुपारी दोन ते चार या वेळात, म्हणजे सकाळची धार, भांगलण आटोपून आणि संध्याकाळच्या धारेच्या आधी बायकांना येता येईल. हेरवाडच्या ठरावाच्या सूचक आणि अनुमोदक दोघीही स्त्रिया होत्या. हे आवर्जून करण्यासारखं आहे, कारण प्रोसिडिंगमध्ये ती नावं कायमची राहतात.

ठरावाचा मजकूर लहान आणि नेमका असावा. मला योग्य वाटणारा मजकूर असा: "पतीच्या निधनानंतर पत्नीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे, तसेच तिला हळदी-कुंकू, विवाह, औक्षण व इतर धार्मिक-सामाजिक कार्यात सहभागी होण्यापासून रोखणे या प्रथा आपल्या गावात बंद करण्यात येत आहेत. यापुढे काय ल्यावे, काय लावावे हा निर्णय सर्वस्वी त्या स्त्रीचा राहील; कोणत्याही बाजूने तिच्यावर सक्ती केली जाणार नाही." शेवटचं वाक्य वगळू नये. काही बायांना नवरा गेल्यावर कुंकू लावावंसं वाटत नाही. तेही त्यांचंच मन. ठरावामुळं कुंकू पुसण्याची सक्ती जाऊन कुंकू लावण्याची सक्ती आली, तर बाई जिथं होती तिथंच राहते.

काही गावांत उत्साहाच्या भरात दंड घालतात, किंवा प्रथा पाळणाऱ्या घराशी व्यवहार बंद म्हणतात. हे कधीही करू नये. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. वाळीत टाकणं हा गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उद्या तक्रार झाली तर ठराव मांडणारेच आरोपी होतील. आणि कायद्याचं बाजूला ठेवलं तरी, घरात मढं पडलेलं असताना ज्या घराला दंडाची पावती मिळते, ते घर गावावरचा राग त्या बाईवरच काढतं. बाहेर आपण जिंकतो आणि आत ती हरते.

दुसरी चूक व्यासपीठाची. ठराव झाला की गावातल्या विधवांना बोलावून, पाहुण्यांच्या हस्ते, फोटोवाल्यासमोर कुंकू लावण्याचा कार्यक्रम ठेवतात. हेतू चांगला असतो, पण त्या बायांना हो म्हणायला किंवा नाही म्हणायला जागाच उरत नाही. कोणी थरथरते, कोणी घरी गेल्यावर पुसून टाकते, आणि दुसऱ्या दिवशी भावकीत बोलणी खाते ती तीच. पहिला बदल घरातल्या घरात व्हावा. लेकानं, सुनेनं हातात बांगड्या भराव्यात. गावानं तो बघितला नाही तरी चालेल.

आता त्या दिवसाचं. प्रत्येक गल्लीला दोन बाया आणि एक पुरुष ठरवून ठेवावेत, शक्यतो त्याच समाजातले आणि त्या भावकीला मान्य असलेले. हाच आपला गट. मयतीची बातमी कळल्यापासून अर्ध्या तासात त्यांनी पोचायला हवं. उशीर झाला की सगळं होऊन गेलेलं असतं. एक बाई थेट तिच्याजवळ जाऊन बसते आणि उठत नाही, पाणी देते, हात धरते, बोलत काहीच नाही. दुसरी घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला बाजूला घेऊन एवढंच म्हणते, "बांगड्या ऱ्हाऊ देत, गावानं ठरवलंय." हे एकदाच म्हणायचं. तिथं वाद घालायचा नाही, शाहू-फुले काढायचे नाहीत. पुरुष बाहेर भावकीतल्या ज्येष्ठाशी बोलतो, कारण ऐनवेळी आत निरोप जातो तो त्याचाच. सगळ्यांत धोक्याच्या वेळा दोन: मयताला अंघोळ घालतानाची आणि तिरडी उचलायच्या आधीची. तेव्हा तिला उठवून परड्यात किंवा न्हाणीत नेतात. जवळ बसलेल्या बाईनं तिच्यासोबतच उठायचं, एकटं सोडायचं नाही.

आणि ऐकलंच नाही तर? हात धरायचा नाही, हिसकाहिसकी करायची नाही, मढ्यासमोर भांडण तर कधीच नाही. फोडण्याऐवजी नुसत्या उतरवून ठेवा, तिच्याच जवळ द्या, एवढ्यावर निभावून न्यावं. मग तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला पुन्हा जावं, दिवसकार्याच्या आधी एकदा जावं. पहिल्या दिवशी जे दुःखाच्या आणि लोकलाजेच्या दडपणाखाली घडतं त्याचा पुष्कळ घरांना चौथ्या-पाचव्या दिवशी पस्तावा होतो. त्या वेळी कोणी दारात आलं नाही तर पस्तावा तसाच जिरतो. मंगळसूत्राबद्दल एक वेगळी खबरदारी घ्यावी. काढलं असेल तर ते कोणाच्या कपाटात गेलं हे त्याच दिवशी बघावं. ते स्त्रीधन आहे, तिच्या मालकीचं सोनं आहे.

अडचण येते माहेरची. तुमच्या गावानं ठराव केला, पण तिचं माहेर दुसऱ्या गावात, शिरोळकडं तर पुष्कळदा सीमेपलीकडं, चिकोडी-रायबाग-अथणी भागात. माहेरची माणसं येतात तीच मुळी रीत झाली का हे विचारत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. आपल्या लेकीला सासर नंतर बोल लावील ही त्यांची भीती असते. म्हणून निरोप सांगायला जो फोन जातो त्यातच सासरच्या कोणीतरी, दिरानं किंवा सासऱ्यानं, सांगून टाकावं: आम्ही काही करणार नाही, तुम्हीही आग्रह धरू नका. सासरकडून हा शब्द गेला की माहेरचं ओझं उतरतं.

ठरावापेक्षाही जड पडणारी एक गोष्ट आहे: मयताची स्वतःची इच्छा. पुरुषांनी जिवंतपणीच लिहून ठेवावं की माझ्या माघारी माझ्या बायकोच्या बांगड्या फोडू नका. काहींनी हे स्टँप पेपरवर केलं आहे, पण त्याची गरज नाही. साधा कागद, सही, तारीख, आणि दोन साक्षीदार, त्यांतला एक स्वतःचा भाऊ किंवा मुलगा असावा. ज्याला त्या दिवशी घरात निर्णय घ्यायचा आहे त्याची सही आधीच झालेली असली की 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न त्याच्यापुरता सुटतो. तालमीत, तरुण मंडळात बसून तीस-चाळीस जणांनी एका संध्याकाळी हे कागद लिहिता येतात.

आता कागदपत्रं. मला सगळ्यांत जास्त काळजी याच भागाची वाटते, कारण बांगड्या राहिल्या आणि सातबारा गेला अशी गत झाली तर त्या ठरावाला काय अर्थ? गटानं एक नियम गावभर रुजवावा: दिवसकार्य होईपर्यंत तिनं कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. हक्कसोडपत्राची गोष्ट नेमकी याच दिवसांत काढली जाते, "तू कुठं जाणार हाईस, आम्हीच बघणार हाय" असं म्हणून. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे नवऱ्याच्या वाट्यात बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई असेल तर ती, सगळ्यांचा सारखा हिस्सा आहे. ती पुन्हा लग्न करील म्हणून आज हिस्सा नाकारता येत नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं (नवं नाव ग्राम महसूल अधिकारी) तीन महिन्यांच्या आत जायला हवा. सोबतच्या वंशावळीत तिचं आणि मुलींचं नाव आहे ना, हे अर्ज देण्याआधी डोळ्यांनी बघावं. चुका आणि लबाड्या दोन्ही तिथंच होतात. फेरफार मंजूर होण्याआधी हरकतीला १५ दिवस असतात, तेवढ्या मुदतीत फेरफारात कोणाची नावं आली आहेत ते पाहायचं. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला असते, ती सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून आपोआप बदलत नाही, तिथं वेगळा अर्ज लागतो.

कोल्हापूरच्या गावात निम्मा संसार सहकारी संस्थांत असतो. दूध संस्थेचं पुस्तक, कारखान्याचा शेअर आणि ऊस नोंद, विकास सोसायटीचं पीककर्ज, पाणीपुरवठा संस्थेचं सभासदत्व, पतसंस्थेतली ठेव, हे सगळं नवऱ्याच्या नावावर. सहकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे सभासदाचा हिस्सा नामनिर्देशित व्यक्तीकडं किंवा वारसाकडं जातो, पण संस्था आपणहून दार ठोठावत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक सचिवाला मृत्यूची लेखी सूचना द्यावी आणि पोच घ्यावी. सोसायटीचं येणं उसाच्या बिलातून वळतं होतं, म्हणून कर्ज किती, बिल किती, हातात काय राहणार हे सचिवाकडून लिहून घ्यावं. दुधाचं पुस्तक तर आठवड्याभरातच तिच्या नावावर करून घ्यावं. म्हशीची धार तीच काढते आणि दहा दिवसांचा पगार दिराच्या खात्यावर जातो, हे चालू दिलं की ती वहिवाट होऊन बसते.

नवऱ्याचं बँकेचं पासबुक उघडून वर्षाला ४३६ रुपये कापलेले दिसतात का ते बघावं. दिसले तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे दोन लाख तिला मिळायला हवेत. २० रुपये कापलेले असतील आणि मृत्यू अपघाती असेल तर सुरक्षा विम्याचे आणखी दोन लाख. शेतकरी घरातला अपघाती मृत्यू असेल, त्यात सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत पडणं हेही आलं, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन लाख मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो शवविच्छेदनाचा. साप चावून गेला तर गाव म्हणतं कशाला चिरफाड, आणि माती उरकतात. मग दावा अडतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला तर कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपये आहेत. घरची वार्षिक मिळकत २१,००० च्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये, आणि लहान पोरांसाठी बालसंगोपनचे दरमहा २,२५०. गटातल्या एका शिकलेल्या पोरीनं एवढं एका वहीत तारखेवार लिहून ठेवलं आणि प्रत्येक घरासाठी एक पान घातलं, तर काही सुटत नाही.

संक्रांतीचं हळदी-कुंकू ही ठरावाची वार्षिक परीक्षा. बोलावणं करायला जी पोरगी फिरते तिच्या हातात नावांची यादी द्यावी आणि ती मतदार यादीवरून करावी, आठवणीनं नको. आठवणीनं केली की तीच घरं गळतात. बोलावलेली बाई आली नाही तर वाण घरी पोचवावं, आग्रह करू नये. पहिल्या वर्षी दोन येतात, बाकीच्या खिडकीतून बघतात.

याच गटापुढं दुसरा विषय आपोआप येतो तो दारूचा, कारण तरण्या विधवांच्या यादीत दारूनं गेलेले नवरे निघतात. इथं मात्र रीत बदलते. दारूदुकान बंद करायचं तर आडवी बाटली, चालू ठेवायचं तर उभी, अशा चिन्हांवर होणारं आडव्या बाटलीचं मतदान हा कायद्याचा, आकड्यांचा मामला आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की पडताळणी होऊन गुप्त मतदान लागतं, आणि परवाना बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या नाही तर एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. यादीत १,२०० बाया असतील तर निवेदनाला ३०० सह्या आणि जिंकायला ६०१ मतं. ९०० जणी मतदानाला आल्या आणि ५९० नी आडवी बाटली केली तरी दुकान चालूच राहतं. लग्न होऊन गेलेल्या लेकी आणि वारलेल्या आज्या यादीत तशाच असतात आणि त्या प्रत्येकीचं नाव उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्यासारखंच होतं. म्हणून निवेदनाच्या सहा महिने आधी यादी घेऊन घरोघर फिरावं आणि नमुना ७ भरून ही नावं कमी करून घ्यावीत. सह्या घेताना प्रत्येकीपुढं यादीतला अनुक्रमांक लिहावा, नाहीतर पडताळणीत सही जुळत नाही म्हणून निवेदन पडतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण मोर्चे मोठे निघूनही मतदान हरलेली गावं बहुतेक इथंच हरतात.

ठरावाला वर्ष झालं की तो विषय ग्रामसभेच्या पत्रिकेवर पुन्हा घ्यावा. नावं न घेता तीन आकडे वाचावेत: वर्षात अशा मयती किती, त्यांतल्या किती घरांत प्रथा पाळली नाही, आणि किती जणींचं नाव सातबाऱ्याला आणि नमुना ८ ला लागलं. बारापैकी तीनच घरं निघाली तरी तीन असंच वाचावं, आणि ते प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यावं. तिसऱ्या आकड्याला सभेत सगळ्यांत जास्त कुजबुज होते. तिथंच थांबून पुढच्या महिन्यात कोणत्या गल्लीत बसायचं ते ठरवावं.